संस्कृतीचा प्रकल्प: सुरुवात डब्यापासून करा

प्रश्न मुंबईतल्या एका शिक्षिकेचा आहे. त्या आठवीला मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवतात. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "शाळेने 'दैनंदिन जीवनातील आपली संस्कृती आणि मूल्ये' हा प्रकल्प दिला. ४८ मुलांपैकी चाळीसेक जणांनी स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रं आणून चिकटवली. वारली, लेझीम, नऊवारी, पुरणपोळी. खाली सगळ्यांचं वाक्य एकच, 'आम्ही मोठ्यांचा आदर करतो.' मुलांना हे स्वतःच्या रोजच्या जगण्यात शोधायला कसं शिकवू? आणि शोधता शोधता जात-धर्म निघाला तर काय करू?"

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्याच्याकडे मी थोडी उशिरा येते, कारण आधीची तयारी नसेल तर तो हाताळता येत नाही, हे मी चूक करून शिकले आहे. मी २७ वर्षं परळ-लालबाग भागात मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवलं आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. खाली लिहिते ते त्या वर्गांमधलं आहे.

तुमच्या मुलांनी आळस केला असं मला वाटत नाही. विचारलं त्याचंच उत्तर त्यांनी दिलं. 'संस्कृती' हा शब्द त्यांनी आजवर स्नेहसंमेलनात आणि महाराष्ट्र दिनाच्या फलकावर ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी तो नऊवारी नेसूनच आला. 'मूल्य' हा शब्द परिपाठातला. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता अशी आपली दहा मूल्यांची यादी त्यांना तोंडपाठ असते. म्हणजे मोठा शब्द आधी हातात पडला आणि मग त्याला शोभेल असं उदाहरण शोधायचं काम मुलांकडे आलं. अशा वेळी कुणीही सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बिनधोक उदाहरणच आणेल.

म्हणून मी क्रम उलटा करते. आधी एखादी वस्तू किंवा रोजची कृती. मग तिच्याभोवतीची माणसं. मग त्या माणसांमध्ये न बोलता पाळला जाणारा नियम. मूल्याचा शब्द सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर तो मुलांचाच असावा.

यातलं किती जमेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे, हे आधीच सांगते. साठ मुलांच्या तुकडीत आणि तिसाच्या तुकडीत फरक पडतो. मुख्याध्यापक पाठीशी आहेत की फलकावरच्या सजावटीकडे त्यांचं लक्ष आहे, याने फार फरक पडतो. मुलं एकाच वस्तीतली असतील तर चर्चा खोल जाते पण एकमेकांच्या घरची माहिती सगळ्यांना असते, त्यामुळे जपावं लागतं. वेगवेगळ्या भागांतून येत असतील तर तुलना छान होते, पण विश्वास बसायला वेळ लागतो. आठवी-नववीला मी सांगते ते सगळं चालतं. पाचवी-सहावी असेल तर फक्त निरीक्षणापर्यंत थांबा, मतं मागू नका.

पहिला आठवडा मी डब्यावर घालवते. जेवणाचा डबा प्रत्येकाच्या दप्तरात असतो, किंवा नसतो, आणि नसणं हीसुद्धा नोंदच आहे. सूचना एवढीच: तीन दिवस आपला डबा कसा तयार होतो ते बघून लिहा. किती वाजता, कोण, कशानंतर काय. एक अट मात्र मी काटेकोर पाळायला लावते. विशेषण वापरायचं नाही. 'प्रेमाने', 'पौष्टिक', 'चविष्ट' हे शब्द खोडायचे. 'आई डबा करते' असंही मी गृहीत धरत नाही, 'डबा कोण करतं' असं विचारते, कारण दर वर्षी वर्गात आई नसलेलं, आईपासून लांब राहणारं एखादं मूल असतंच.

एका मुलीची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्या दिवशी: 'आई मला रोज प्रेमाने पौष्टिक डबा देते.' मी 'प्रेमाने' आणि 'पौष्टिक'वर रेघ मारली आणि वही परत दिली. तिसऱ्या दिवशी: 'आई ५ वाजता उठते कारण पाणी ५.१० ला येतं आणि पाऊण तास असतं. आधी पाणी भरते. मग कणीक मळते. पहिला डबा बाबांचा, चार चपात्या. दादाच्या चार. माझ्या दोन. आईचा डबा नाही. आई पण कामाला जाते.'

त्या शेवटच्या दोन वाक्यांवर मी काहीच बोलले नाही. तिने ते स्वतःहून वर्गात वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग त्या काय खातात?" ती म्हणाली, "माहीत नाही." त्या क्षणी 'बघा मुलांनो, आई किती त्याग करते' असं म्हणण्याचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो. मलाही झाला होता. पण मी थांबले, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी उत्तर घेऊन आली. तिची आई पर्समध्ये भाजीची एक छोटी डबी नेते. चपात्या तिची मैत्रीण आणते, तिसरी भात, चौथी ताक किंवा लोणचं. चौघी मिळून जेवतात आणि कुणीही एकटीने पूर्ण डबा करत नाही. मुलगी म्हणाली, "मॅडम, ती डबी मी रोज बघते. पण तिला डबा म्हणून मोजलंच नव्हतं."

हा प्रसंग मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. चपात्यांच्या संख्येतला प्रश्न त्याने मिटत नाही, तो खराच आहे. पण त्या पलीकडे चौघी बायकांनी वेळ वाचवायला स्वतःची एक पद्धत बसवली होती, आणि आपण घाईने त्यागाची पाटी लावली असती तर ती कधीच दिसली नसती.

डब्यातून गोष्टी मागेही जातात. त्याच वर्गातल्या एका मुलाची आजी डिलाईल रोडला खानावळ चालवायची. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपाआधीच्या गिरणगावात हे घरोघरचं होतं. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून इथे एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, तीन पाळ्यांमध्ये झोपायची जागासुद्धा वाटून घ्यायचे, आणि जेवायला अशा बायकांकडे यायचे. सावकाराच्या व्याजातून या बायकांची सुटका व्हावी, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे सगळं पुस्तकात वाचून मुलांच्या डोक्यावरून गेलं असतं. पण तो मुलगा आजीकडून एक शब्द घेऊन आला: खाडा. जो जेवायला येणार नाही त्याचा त्या दिवशीचा खाडा, तेवढे पैसे महिन्याच्या हिशेबातून कमी. आजीचा नियम असा होता की, आजारी माणसाचा खाडा धरायचा, त्याला खोलीवर पेज पाठवायची, आणि पेजेचे पैसे वहीत लिहायचे नाहीत. मुलाने विचारलं, का नाही लिहायचे? आजी म्हणाली, "पेजेचे कुणी पैसे घेतं का?" आजीला तो नियम वाटतच नव्हता. मी मुलांना सांगते, असं उत्तर आलं की वहीत चौकट करा. 'हे काय विचारतोस' असं जिथे माणूस म्हणतो, तिथे संस्कृती आहे.

डबेवाल्यांवर तर मुलं हमखास येतात. मुलांनी सेवा सुरू झाल्याचं १८९० साल, डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा, अक्षरं आणि आकडे एवढ्यावर थांबू नये म्हणून मी एक वेगळा प्रश्न देते. ही माणसं मावळ, खेड, मुळशी, जुन्नर या भागातली. दर वर्षी साधारण एप्रिलमध्ये गावच्या जत्रेसाठी काही दिवस सगळी सेवा बंद ठेवतात आणि ग्राहक ते चालवून घेतात. ज्या शहरात लोकल पाच मिनिटं उशिरा आली तर लोक वैतागतात, तिथे हे कसं चालतं? यावर एक पूर्ण तास रंगतो.

दुसऱ्या आठवड्यात मी तीन प्रश्न फळ्यावर लिहिते आणि प्रकल्प संपेपर्यंत पुसत नाही. कोण करतं? कोण करत नाही, किंवा कुणाला करू देत नाहीत? आणि मोडलं तर काय होतं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. नियम पाळला जात असतो तोवर तो कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी मोडला की लगेच आवाज होतो.

मुंबईच्या मुलांना हे शिकवायला लोकलमधल्या चौथ्या सीटइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. सेकंड क्लासचा बाक तिघांचा. चौथा येतो, "जरा सरका" म्हणतो, आणि तिघं सरकतात. त्याला पाऊण मांडी टेकायला मिळते, एक पाय पॅसेजमध्ये. हे कुठे लिहिलेलं नाही, तपासनीस याची दखल घेत नाही, पण कुणी सरकायला नकार दिला तर आजूबाजूचे चार लोक बोलतात. मुलांना मी सांगितलं, घरात जे लोकलने जातात त्यांना विचारा. चौथी सीट कोण मागू शकतं? कधी? कोण मागत नाही? सामान मोठं असेल तर?

मुलांनी आणलेल्या उत्तरांनी मी थक्क झाले. एकीची आई अंबरनाथहून यायची. तिने बायकांच्या डब्यातली पद्धत सांगितली: चढल्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे?" ती 'घाटकोपर' म्हणाली की ती जागा तुमची झाली, तोंडीच. मध्ये कुणी दुसरी बसायला गेली तर 'त्यांनी विचारलंय' असं बाकीच्या सांगतात. एका मुलाचे वडील फर्स्ट क्लासचा पास काढायचे. ते म्हणाले, आमच्याकडे चौथी सीट नसते, मागितली तर लोक चमकून बघतात. गाडी तीच, गर्दीही जवळपास तीच, मधे फक्त एक पत्रा. नियम त्या पत्र्याशी का थांबतो? नववीच्या मुलांनी यावर जे वाद घातले ते मी विसरणार नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, "जागा देणं वेगळं आणि जागा करणं वेगळं. चौथ्या सीटला कुणी उठत नाही. सगळे थोडे थोडे आवळून बसतात."

यानंतर, आणि यानंतरच, मी परिपाठातली दहा मूल्यं बाहेर काढते. यादी फळ्यावर आणि शेजारी मुलांच्या नोंदी. चौथी सीट कशात बसते? कुणी म्हणालं सौजन्यशीलता, कुणी संवेदनशीलता. एक मुलगी अडून बसली की यातलं काहीच नाही, 'उद्या मलाही लागेल' एवढंच आहे त्यात. तिचं वाक्य मी अकरावं म्हणून यादीत लिहिलं. मग डब्याची नोंद घेतली. बाबा रोज ७.४२ची गाडी पकडतात, म्हणून वक्तशीरपणा. पण तो वक्तशीरपणा आईच्या पाचच्या गजरावर उभा आहे. मग तो नेमका कुणाचा? आणि यादीतच पुढे असलेल्या स्त्री-पुरुष समानतेचं काय? दोन मूल्यं एकाच स्वयंपाकघरात एकमेकांसमोर उभी राहू शकतात, हे मुलांना पहिल्यांदा तिथे कळतं. मला विचाराल तर या प्रकल्पातून एवढंच साधलं तरी खूप झालं.

इथवरचं थोडक्यात: आधी विशेषणाशिवाय नोंद, मग तीन प्रश्न, मग मूल्यांची यादी शेजारी ठेवून वाद. साधारण आठ तासिका.

आता जात-धर्म.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी 'स्वयंपाकघरातली भांडी' असा विषय दिला होता. एका मुलाने लिहिलं: 'कामवाल्या मावशींचा कप वेगळा आहे. तो खिडकीत पालथा असतो. चहा प्यायल्यावर मावशी तो स्वतः धुतात. आम्ही त्यात पीत नाही.' एकही विशेषण नव्हतं. मी इतकी हरखले की 'असं बघायचं असतं' म्हणत नाव न घेता ते वर्गात वाचून दाखवलं. त्याच वर्गात एक मुलगी होती जिची आई घरकाम करायची. वाचता वाचता माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती बाकाच्या लाकडावर नखाने रेघ ओढत होती, डोकं वर नव्हतं. ज्याची वही होती तो मुलगाही मान खाली घालून बसला होता. वर्गाला काही कळलं की नाही मला माहीत नाही, पण त्या दोघांना सगळं कळलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या वहीत आलं, 'आई आम्हाला प्रेमाने वाढते.' तो पुन्हा छापील भाषेत गेला आणि वर्ष संपेपर्यंत बाहेर आला नाही. चूक संपूर्ण माझी होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कधीच सोडत नाही. पहिली, वहीचं उजवं पान वर्गासाठी आणि डावं पान फक्त माझ्यासाठी. कुठलं काय लिहायचं ते मूल ठरवेल. डावं पान मी मोठ्याने वाचत नाही, स्टाफरूममध्येही त्याविषयी बोलत नाही. उजवं पानही वाचायचं झालं तर ज्याचं त्यानेच वाचायचं. दुसरी, नाजूक विषय घरातून उचलून सार्वजनिक जागी न्यायचा. वेगळ्या कपाबद्दल वर्गात बोलायचंच असेल तर कुणाच्या स्वयंपाकघरातून सुरुवात करू नका. सोसायटीच्या लिफ्टजवळची पाटी घ्या. 'घरकामगारांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी दुसरी लिफ्ट वापरावी.' 'भाड्याने देणे आहे' याखाली 'फक्त शाकाहारी कुटुंबास'. या पाट्या मुंबईत सगळ्या मुलांनी पाहिलेल्या असतात आणि त्या कुणा एकाच्या आईने लावलेल्या नसतात. फळ्यावरचे तीन प्रश्न तिथे लावा: कोण, कोण नाही, मोडलं तर काय. मुलं स्वतःहून कपापर्यंत येतात, पण आता आपल्या पायांनी येतात.

मग मुलं विचारतात, "मॅडम, हे चूक आहे का?" तोपर्यंत मी निवाडा देणं टाळलेलं असतं. पण इथे 'प्रत्येकाची आपापली पद्धत' असं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. आपल्याला त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. मुलांनी ते पान वर्षानुवर्षं उलटलेलं असतं, वाचलेलं नसतं. कलम ५१क मध्ये एक कर्तव्य आहे आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचं. त्याच यादीत, त्याच्या अगदी वर, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचं कर्तव्य आहे. म्हणजे जपा आणि सोडा, दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी. मी मुलांना विचारते, तुमच्या वहीतलं काय जपायचं आणि काय सोडायचं? आणि अस्पृश्यतेचा प्रश्न आला तर कलम १७ वाचून घेते. तिथे मताला जागा नाही, ती कोणत्याही रूपात पाळायला बंदी आहे, हे मी स्वच्छ सांगते.

आपलेपणा असून स्पष्ट बघता येतं याचं एक उदाहरण मोठ्या मुलांना आवर्जून सांगा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीसोबत चालल्या. त्यांना ती वाट मनापासून भावली. आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींची पंगत वेगळी बसते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. एकामुळे दुसरं त्यांनी झाकलं नाही. आठवीतल्या मुलांकडून मला तेवढंच हवं असतं.

धर्माच्या बाबतीत माझा अनुभव असा की, श्रद्धेवर प्रश्न नेऊ नये, कामावर न्यावा. गणपतीत आरती कोण म्हणतं यापेक्षा मंडळाची वर्गणी कुणाकडे मागायला जातात, कुणाकडे जात नाहीत, महाप्रसादाची भांडी कोण घासतं, हे विचारलं की मुलं खूप बघून येतात. गिरगावात १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक उत्सव सुरू झाला, तेव्हापासून 'सार्वजनिक' या शब्दात कोण कोण धरलं गेलं, हा प्रश्न त्यातूनच निघतो. माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उरुसात पहिल्या चादरीचा मान मुंबई पोलिसांचा असतो, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. कुणाचे काका पोलिसात असतील तर त्यांनाच वर्गात बोलवा.

तुमची शाळा महापालिकेच्या इमारतीत असेल तर आणखी एक गोष्ट करता येते, आणि ती मला अतिशय प्रिय आहे. महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते आणि कित्येकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं असतात. मी काही काळ जिथे शिकवत होते तिथे सकाळी मराठी आणि दुपारी उर्दू. त्याच वर्गात, त्याच बाकांवर. मुलांना विचारलं, तुमच्या जागेवर दुपारी कोण बसतं? एकालाही माहीत नव्हतं. पण त्यांच्याकडे पुरावे होते: बाकाच्या कप्प्यात राहिलेलं खोडरबर, पेन्सिलने काढलेली बॅट, उजवीकडून डावीकडे लिहिलेली अक्षरं. दुपारच्या शिक्षिकेशी बोलून आम्ही कप्प्यात एकेक चिठ्ठी ठेवली, त्यात एकच प्रश्न: तुझ्या डब्यात आज काय होतं? दुसऱ्या दिवशी हिंदीत, इंग्रजीत, चित्रांत उत्तरं आली. दोन्हीकडे शनिवारी खिचडी होती. सर्वधर्मसहिष्णुता हा शब्द त्या आठवड्यात मी एकदाही उच्चारला नाही.

पालकांचं. प्रकल्प सुरू करण्याआधी पालकसभेत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळींत सांगून ठेवा: मुलं घरातल्या रोजच्या कामांचं निरीक्षण करणार आहेत, खासगी काही वर्गात वाचलं जाणार नाही, कुणाला नको असेल तर दुसरी जागा निवडता येईल. एका वडिलांनी मला तोंडावर विचारलं होतं, "आमच्या घरातलं तुम्हाला कशाला हवंय?" त्यांचं बरोबर होतं. घर उघडणं ही सक्ती होऊ शकत नाही. ज्या मुलांना घराबद्दल लिहायचं नाही त्यांना गल्ली, बसस्टॉप, किराणा दुकान, चपलांचा स्टँड द्या. शाळा कोळीवाड्याजवळ असेल तर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा होड्या, जाळी आणि माणसं काय करतात ते बघायला पाठवा.

माझ्या मुलांना मी लालबागच्या मसाला गल्लीत न्यायचे, मार्चच्या शेवटी, वार्षिक परीक्षेच्या आधी. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांची पोती, भाजायच्या कढया आणि डंखाचा, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राचा आवाज. तिथल्या एकाच यादीत कुणी धणे जास्त सांगतं, कुणी खसखस, कुणी दगडफूल, आणि त्यावरून दुकानदार गाव ओळखतो. एका मुलाच्या लक्षात आलं की मसाला कुटायला आलेल्या बायका डंखापासून हलत नाहीत. उन्हात, शिंका देत, तासभर तिथेच. त्याने एका आजींना विचारलं, "तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही का?" आजी म्हणाल्या, "विश्वास आहे रे. पण आधीच्या मसाल्याचा वास माझ्यात येतो. पहिलं पाव किलो त्यांच्याकडेच ठेवते मी, आणि पुढचं घरी नेते." मुलाने वहीत लिहिलं: 'विश्वास आहे. तरी उभ्या राहतात.' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या प्रश्नचिन्हाला मी पूर्ण गुण दिले.

गुणांचा प्रश्न निघालाच आहे तर, मूल्यांना गुण देऊ नका. 'आदर' लिहिला म्हणून पाच आणि भांडण लिहिलं म्हणून तीन, असं एकदा झालं की मुलं लगेच ओळखतात. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात मी तीन गोष्टी बघते: नोंद स्वतःच्या डोळ्यांनी केलेली आहे का, कुणाला तरी प्रश्न विचारला का, आणि पहिलं मत नंतर बदललं असेल तर ते लिहिलं आहे का. बाकी शुद्धलेखन, अक्षर हे तुमच्या शाळेच्या पद्धतीने.

मुख्याध्यापकांना प्रदर्शन हवं असणार. त्यांना नाही म्हणू नका. तक्त्यांऐवजी वर्गात दोरी बांधा आणि मुलांनी स्वतः निवडलेल्या नोंदी हाताने लिहून चिमट्यांनी लावा, प्रत्येकीखाली एक कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. पालक येतात, वाचतात, आणि मग लिहितात. चौथ्या सीटच्या नोंदीखाली एका वडिलांनी लिहिलं होतं: 'मी १९९४ पासून कल्याणहून येतो. आमच्या ग्रुपमध्ये पाचवाही बसायचा. तो आता रिटायर झाला. त्याची जागा आम्ही अजून धरतो, पण ती चौथ्यालाच देतो.' त्या कागदासमोर त्यांचा मुलगा बराच वेळ उभा होता, आणि मग त्याने वडिलांना विचारलं, त्या काकांचं नाव काय?